साहेबांनी बांधून दिलेली पुडी

धाकटी डहाणू गावची हंसा सुकी मासळी घेऊन तलासरीच्या बाजाराला जायची. बोंबील, जवळा, थोडी मांदेली. नवरा देवजी होडीवर जायचा तेव्हापासूनचा तिचा हा धंदा, आणि देवजीच्या गुडघ्यांनी होडी सोडायला लावली त्यानंतर घर या धंद्यावरच उभं होतं. खाडीच्या कडेला मासळी वाळवायची, बाजाराच्या आदल्या संध्याकाळी टोपली भरायची, सकाळी रिक्षाने डहाणूला आणि तिथून एसटीने तलासरीला.

प्रवासाचा तिला कंटाळा नव्हता, माणसांचा होता. टोपली दिसली की लोक पदर, रुमाल, जे हाताला लागेल ते नाकाला लावत. रिकाम्या सीटवर कोणी पटकन पिशवी ठेवून म्हणे, "माणूस येतोय इथे." तो माणूस कधीच यायचा नाही. त्या दिवशीही तेच झालं. एका बाईने लेकराला आपल्याकडे ओढून घेतलं आणि कंडक्टरला सांगितलं, "हिला मागे पाठवा हो, मुलाला उलटी होईल." कंडक्टर म्हणाला, "चल गं, मागे हो. टोपली दाराशी ठेव." हंसाचे केस पिकले होते, पण गाडीत तिला 'अहो' कोणी म्हणत नसे. ती मागच्या दाराशी टोपलीला पाय लावून खाली बसली. शेजारी एक तरुण मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून बसला होता. त्याचे बूट तिच्या लुगड्याला लागत होते. तिने एकदा वर पाहिलं. त्याने पाहिलंच नाही.

तलासरीला उतरताना टोपली उतरवायला कोणी हात लावला नाही. मागून लोक ओरडत होते, "लवकर कर, लवकर." तिने टोपली ओढत खाली घेतली आणि गाडी गेल्यावर रस्त्याच्या कडेला श्वास घेत उभी राहिली.

"मावशी, थांबा. मी हात लावतो."

मागे एक माणूस उभा होता. स्वच्छ शर्ट, बारीक कापलेले केस. त्याने खरंच दोन्ही हातांनी टोपली उचलली आणि तिच्या डोक्यावर ठेवून दिली. नाकाला हात लावला नाही, तोंड वाकडं केलं नाही.

"बाजाराला चाललात का? जरा आमच्या साहेबांना भेटून जा. बायकांना सावध करायचं काम आहे, वेळ नाही लागणार."

साहेब थोडं पुढे मोटरसायकलपाशी उभे होते, खाकी पँटमध्ये. त्यांनी खिशातून ओळखपत्र काढून दाखवलं. हंसाला वाचता येत असे, पण एवढ्या घाईत फोटो आणि शिक्का तेवढा दिसला. साहेब हळू, समजुतीने बोलले. "मावशी, काल इथेच एका बाईच्या गळ्यावर सुरी ठेवून सोनं नेलं. आणि तुम्ही एवढी माळ घालून एकट्या फिरता? तुम्ही आम्हाला आईसारख्या. काही झालं तर आम्हाला काय वाटेल?"

तेवढ्यात शेठसारखा दिसणारा एकजण रस्त्याने आला. त्यालाही साहेबांनी थांबवलं. त्याने मुकाट्याने चेन आणि अंगठी काढून दिली. साहेबांनी कागदात बांधून त्याच्या खिशात ठेवली. "थँक्यू साहेब," म्हणत तो गेला.

मग हंसाने टोपली खाली ठेवून माळ काढली. सोन्याच्या मण्यांची माळ. तिच्या सासूने दिलेली नव्हती, नवऱ्यानेही नाही. तिने या टोपलीवर केली होती, वर्षानुवर्षं थोडंथोडं बाजूला टाकून. साहेबांनी तिच्यासमोर ती कागदात गुंडाळली, दोरा बांधला आणि पुडी तिच्या पिशवीत अगदी तळाशी ठेवली. "घरी जाईपर्यंत उघडू नका हां, मावशी. कोण बघत असेल सांगता येत नाही."

पहिल्या माणसाने पुन्हा तिच्या टोपलीला हात दिला. बाजारात पोचेपर्यंत हंसाचं मन भरून आलं होतं.

बाजारात तिची जागा ठरलेली होती, रूपीच्या शेजारी. रूपी वारली पाड्यावरची, हंसाच्याच वयाची. ती कधी करांद्याचे कंद आणी, कधी शेवग्याच्या शेंगा, कधी बांबूच्या टोपल्या. कितीतरी वर्षं दोघी शेजारी बसत. भाकरी एकीची, सुकट दुसरीची, असं त्यांचं जेवण होई. एकमेकींच्या घरी मात्र त्या कधी गेल्या नव्हत्या.

"आज पोलीस भेटले," हंसाने टोपली उतरवत सांगितलं. "किती चांगली माणसं गं! टोपली उचलून दिली माझी."

रूपी शेंगांच्या जुड्या सोडत आणि पुन्हा बांधत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बाय, ती पुडी उघडून बघ."

"तुला कसं ठाऊक पुडीचं?"

"उघड ना."

"साहेबांनी घरी उघडायला सांगितलंय."

"हंसाबाय, उघड."

तिच्या आवाजात असं काही होतं की हंसाने पुडी बाहेर काढली. दोरा सुटेना, तिने दातांनी तोडला. कागदात चार खडे होते आणि प्लॅस्टिकची एक बांगडी.

ती बराच वेळ त्या बांगडीकडे बघत बसली. समोर गिऱ्हाईक उभं राहून जवळ्याचा भाव विचारत होतं. तिला ऐकू येत नव्हतं. मग तिने मान वर केली.

"तू पाहिलंस?"

"मी जीपमधून उतरले तेव्हा रस्त्याच्या पलीकडेच होते. त्या साहेबाने तुझी पुडी बांधली नि आपल्या खिशात घातली. तुझ्या पिशवीत टाकली ती दुसरी."

"मग ओरडली का नाहीस?"

"पोलीस होते ना ते," रूपी खाली बघत म्हणाली. "पोलिसाच्या मध्ये कोण बोलेल?"

"मी तुझ्या शेजारी बसते एवढी वर्षं! माझ्या गळ्यातलं जाताना तू बघत राहिलीस?" हंसाचा आवाज चढला. आजूबाजूचे लोक बघायला लागले. "तुम्ही जंगलातली माणसं! तुम्हाला माणसाची काय किंमत!"

रूपीने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग आपल्या शेंगा गोळा केल्या, फडक्यात बांधल्या आणि बाजार भरात असताना उठून गेली.

हंसा घरी गेल्या गेल्या देवजीला कळलं. हंसा गळ्याभोवती पदर घट्ट लपेटून बसली होती, आणि ती तशी कधी बसत नसे. त्याने विचारलं, तिने सांगितलं. तो म्हणाला, "चल, तक्रार देऊ."

"काय सांगू तिथे? हिसकावली म्हणू? मी माझ्या हाताने काढून दिली."

"फसवलं म्हणून सांग."

"हसतील."

"हसू देत."

पण ती गेली नाही. पुढच्या बाजारालाही गेली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. टोपली पडवीत पालथी पडून राहिली. सुनेने, किंजलने, एकदा प्रेमाने म्हटलं, "आई, तुम्ही बसा, मी चहा आणते," तर हंसा तिच्यावर उसळली, "एवढं गोड कशाला बोलतेस? काय हवंय?" किंजलचा चेहरा उतरला. हंसा मागच्या अंगणात जाऊन मासळीच्या काठ्यांपाशी एकटीच उभी राहिली. माळेचं दुःख होतंच. पण टोपली उचलून देणारे ते हात आठवले की तिला जास्त लाज वाटे. इतकं स्वस्त होतं आपलं मन? कोणी टोपलीला हात लावला, मावशी म्हटलं, आणि आपण गळा मोकळा केला. आणि रूपीला जे बोललो ते कुणाचे शब्द होते? गाडीतली माणसं आपल्याकडे ज्या डोळ्यांनी बघतात, त्याच डोळ्यांनी आपण रूपीकडे पाहिलं. हे तिने देवजीलाही सांगितलं नाही.

एका दुपारी किंजल धावत आत आली. "आई, कोणीतरी बाई तुम्हाला शोधत फिरतेय. साऱ्या गल्लीला विचारतेय, सुक्या मासळीवाली हंसा कुठे राहते म्हणून."

दारात रूपी उभी होती. घामाने भिजलेली, पायांना धूळ. डहाणूला एसटीतून उतरल्यावर एका रिक्षावाल्याने तिला बसवून घेतलं होतं आणि भलतीकडेच सोडून दिलं होतं. तिथून ती विचारत विचारत चालत आली होती.

हंसाला उठवेना. देवजीनेच पाणी आणून दिलं, बसायला घोंगडी टाकली. रूपी पाणी प्यायली आणि सरळ म्हणाली, "चल, तलासरीला ठाण्यात जाऊ. मी सांगते काय पाहिलं ते."

"तू? तू तर पोलिसांना—"

"भीते. अजून भीते." रूपी जरा थांबली. "मी लहान होते तेव्हा आमच्या पाड्यावर खाकी कपड्यातली माणसं आली होती. म्हणाली, तुम्ही जंगलातली लाकडं चोरलीत, दंड भरा. बापाजवळ काय होतं? आमच्या शेळ्या सोडून नेल्या. सगळ्या. बाप हात जोडून उभा होता. तेव्हापासून खाकी दिसली की माझी वाचा जाते. पण परवा भाजी निवडताना मनात आलं. तुला लुटणारे खोटे होते. मग ते तरी खरे कशावरून? कुणी कागद दाखवला नाही, कुणी नाव सांगितलं नाही. आम्ही विचारलंच नाही. बाप मरेपर्यंत म्हणायचा, सरकारने शेळ्या नेल्या. आता वाटतं, सरकार नव्हतंच ते. कोणीतरी चोर होते, नि आम्ही जन्मभर भीत राहिलो."

बाहेर कोणीतरी जाळं झटकत होतं, त्याचा आवाज येत होता.

हंसा उठली आणि रूपीच्या समोर येऊन बसली. "त्या दिवशी बोलले ते..."

"बोललीस ते लागलं मला," रूपी म्हणाली. "लागलं नाही असं नाही सांगणार."

"चुकलं माझं, रूपी."

रूपीने मान हलवली. मग किंजलने वाढलेलं दोघींनी खाल्लं. कालवणात माशाचा तुकडा मोठा होता तो हंसाने रूपीच्या ताटात सारला.

ठाण्यात त्या दुसऱ्या दिवशी गेल्या. देवजी बरोबर होता, पण दुखऱ्या गुडघ्यांमुळे बाहेरच्या बाकावर बसला. आत जयश्री नावाची महिला पोलीस तक्रार लिहून घेत होती. तिने आधी दोघींना खुर्च्यांवर बसायला सांगितलं. हंसाने सगळं सांगितलं, आणि "मीच काढून दिली" इथे आली तेव्हा तिने मान खाली घातली. जयश्री लिहायची थांबली.

"फसवून घेतली की ती चोरीच, काकू. याच महिन्यात आणखी बायका आल्यात अशा. एक तर शिक्षिका होती." मग ती रूपीकडे वळली. "तुम्ही पाहिलंत?"

रूपीचे ओठ हलले, आवाज आला नाही. तिच्या समोर खाकी बाही होती. हंसाने टेबलाखालून तिचा हात धरला.

"हो," रूपी म्हणाली. "मी पाहिलं. तोंडं पाहिली. पुन्हा दिसली तर ओळखेन."

पावसाळा मधे गेला. काही झालं नाही. हंसा पुन्हा बाजाराला जायला लागली. गाडीतली माणसं होती तशीच होती, पण आता कंडक्टरने "चल गं" म्हटलं की ती त्याच्या डोळ्यांत बघून म्हणायची, "तिकीट पूर्ण घेतलंय, दादा. टोपली खाली ठेवते, मी सीटवर बसणार." कधी बसायला मिळे, कधी भांडण होई. बाजारात आणि स्टँडवर एकटी बाई दिसली की रूपी आणि ती दोघी उठून सांगायच्या, रस्त्यात कोणी दागिने काढायला सांगितले तर काढू नका, खरा पोलीस असं सांगत नाही. काही बायका ऐकून घेत. काही, आपल्याला काहीतरी विकायला आल्यात असं समजून, पुढे निघून जात.

थंडी पडायला लागली तेव्हा निरोप आला. हायवेवर अच्छाडच्या बाजूला एका धाब्याजवळ तीनजण सापडले होते. एका म्हातारीच्या पाटल्या काढून घेताना ट्रकवाल्यांनी धरले. ओळख परेडीला दोघींना बोलावलं होतं.

हंसा आधी गेली. सारख्या वयाची, सारख्या बांध्याची माणसं ओळीत उभी होती. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत पुढे सरकली आणि शेवटी पोचली तेव्हा तिला कळलं की आपल्याला नक्की सांगता येत नाही. त्या दिवशी तिचं लक्ष त्यांच्या बोलण्याकडे होतं, तोंडाकडे नाही. दोघांपाशी ती थांबली, पण हात उचलला नाही. भलत्याच माणसावर बोट ठेवलं तर? ती तशीच बाहेर आली.

मग रूपीला आत नेलं. परत यायला तिला फार वेळ लागला नाही. साहेब बनलेला कोण, टोपली उचलणारा कोण आणि शेठ बनून अंगठी काढून देणारा कोण, तिघांच्याही खांद्याला तिने हात लावून दाखवला होता. त्यातला एक तिच्याकडे बघून दात खात होता, असं ती नंतर म्हणाली. "मी पण बघितलं त्याच्याकडे," ती म्हणाली. "मान खाली नाही घातली."

माळ मिळाली नाही. ती केव्हाच वितळली होती, कुठल्या सोनाराकडे ते तिघेही सांगत नव्हते. खटला चालेल, तारखा पडतील, तेव्हा पुन्हा यावं लागेल, असं जयश्रीने समजावलं. "याल ना?" तिने विचारलं.

"येऊ," रूपीच आधी म्हणाली.

दोघी स्टँडवर आल्या. डहाणूची गाडी लागलेली होती, निम्मी रिकामी, खिडकीजवळच्या जागाही मोकळ्या. कंडक्टर ओरडत होता. रूपीच्या पाड्याकडे जाणारी जीप मात्र अजून भरली नव्हती, आणि भरल्याशिवाय ती निघत नाही.

"जा तू," रूपी म्हणाली. "देवजीभाऊ वाट बघत असेल."

हंसाने गाडीकडे पाहिलं. मग ती रूपीच्या शेजारी कट्ट्यावर बसली आणि पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढून मध्ये ठेवल्या. गाडी सुटली. दोघी शेंगा सोलत बसल्या, जीप भरेपर्यंत.