सांगाडेरावांचा डावा पट्टा

बाबांनी घड्याळाचा पट्टा दोन बोटांत धरला, डोळे मिटले, "तूट," म्हणाले आणि पट्टा तुटला. त्या बंद पडलेल्या सिनेमागृहात टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की सिनेमे चालू असताना कुठल्या हिरोच्या वाट्याला आला नसेल. ज्याचा पट्टा तुटला तो बेकरीवाला ढसाढसा रडला. खिशातली पोटाच्या औषधाची बाटली त्यानं मंचावरच्या टोपलीत टाकली आणि मोकळं मनगट सगळ्यांना दाखवत तो खाली उतरला. टोपली औषधांनी काठोकाठ भरत आली होती.

लोक त्यांना मनगटबाबा म्हणत. त्यांचं शास्त्र सोपं होतं. "काळ माणसाला मनगटातून धरतो. धातूचा पट्टा त्याला आत घेतो, चामड्याचा अडवतो. आजार, पीडा, नजर, सगळं चामड्यात साठतं. साठून भरलं की तुटतं. तुटतो तो पट्टा नव्हे, तुमचा भोग."

पट्टे बाबांकडेच मिळत. चामडं लवकर भरावं म्हणून रोजचा विधी होता. सकाळी मूठभर मिठाच्या पाण्यात पट्टा बुडवायचा, तापलेल्या पत्र्यावर उन्हात वाळवायचा आणि खडखडीत झाला की घट्ट बांधायचा, तोही त्याच एका भोकात. भोक बदललं की काळ गोंधळतो म्हणे. एवढा मोठा काळ, पण पट्ट्याच्या भोकात चुकतो.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या कवटीबाईंना हसू आवरत नव्हतं. त्या शाळेत जीवशास्त्र शिकवत. टेबलावर कायम कवटी असायची, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव त्यांनी केव्हाच आनंदानं स्वीकारलं होतं. शेजारी त्यांची आत्या होती. आईमागे आत्यानंच त्यांना वाढवलं, शिवणयंत्राच्या खडखडाटात अभ्यास करून घेतला. आता केस पांढरे झाले तरी गावभरचे कोट आणि सदरे तिच्याच हातून शिवून जात.

"चीर पडलीय बघ," आत्या मनगट पुढे करून कौतुकानं म्हणाली. "पुढच्या बैठकीला तुटतोय माझा. मग रक्तदाबाच्या गोळ्या त्या टोपलीत, आणि डॉक्टरला म्हणावं, तुमचं काम संपलं."

कवटीबाईंचं हसू तिथेच जिरलं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, गोळ्या एकदम सोडल्या तर झटका येऊ शकतो, आणि तो आला तर हातपाय जातील किंवा जीव. त्यांना खरोखर भीती वाटली.

घरी त्यांनी वाद घालून पाहिला.

"आत्या, तो पट्टा मिठानं आणि उन्हानं तुटतोय."

"लहानपणी माती खायचीस, ती मी तोंडात बोट घालून काढायची," आत्या सुईत दोरा ओवत म्हणाली. "आता तू मला शिकव."

या मुद्द्याला जीवशास्त्रात उत्तर नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी कवटीबाई स्वतःच बाबांकडे गेल्या आणि एकसारखे दोन पट्टे घेऊन आल्या. भाचीला सुबुद्धी झाली म्हणून आत्यानं शेजारीपाजारी सांगून टाकलं. ते पट्टे मात्र गेले शाळेच्या प्रयोगशाळेत, कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या सांगाड्याच्या मनगटांवर. मुलं त्याला सांगाडेराव म्हणत. दोन बंद घड्याळं जोडून एक पट्टा डाव्या हाताला बांधला, एक उजव्या. डाव्या पट्ट्याला रोज मीठपाणी, ऊन, पत्रा, सगळं साग्रसंगीत. उजवा नुसता काढायचा, कोरड्या फडक्यानं पुसायचा आणि परत बांधायचा. मुलांना इतका चेव आला, की एरवी तास बुडवणारेही घंटेआधी हजर राहू लागले.

डावा पट्टा कडक झाला, पांढुरका पडला आणि त्या एका भोकापाशी चिरत गेला. घरी आत्याचाही चिरत होता. आधी कोणाचा तुटतो या धास्तीनं कवटीबाईंचा जीव टांगणीला लागला होता.

बैठकीच्या दिवशी त्या आत्याला म्हणाल्या, "तू हो पुढे. मला एका पाहुण्यांना घेऊन यायचंय."

पाहुणे चाकाच्या खुर्चीतून आले. अंगात कवटीबाईंच्या नवऱ्याचा जुना कोट, डोक्यावर कानापर्यंत टोपी, तोंडाला मफलर, हातात मोजे आणि मोज्यांवर घड्याळं. सिनेमागृहात उजेड बेताचाच होता. एवढे आजारी दिसणारे पाहुणे पाहून लोकांनी आदरानं वाट दिली. रांगेत सर्वांत पुढे आत्या होती, गोळ्यांचं पाकीट मुठीत धरून. तीही बाजूला सरली.

"आधी ह्यांचं होऊ दे," ती म्हणाली आणि कोटाकडे रोखून पाहू लागली.

बाबांनी विचारलं, "कोण हे?"

"सांगाडेराव. आमच्या शाळेत असतात."

"शिक्षक?"

"शिकवण्याच्याच कामात आहेत."

बाबांनी मोज्यावरून मनगट चाचपलं. "फार वाळलेत."

"हो, अंगावर मांस म्हणून राहिलं नाही."

"जेवतात?"

"माझ्यादेखत तरी कधी नाही."

"असं कधीपासून?"

"मी नोकरीला लागले तेव्हाही असेच होते."

बाबांनी डोळे मिटून मान डोलावली. "भोग जुना आहे. काळजात जाऊन बसलाय. मला यांचं काळीज स्पष्ट दिसतंय."

कवटीबाईंनी ओठ घट्ट दाबून धरले. बाबांनी डाव्या हाताचा पट्टा चिरेपाशी उलटा वाकवला आणि "तूट" म्हणाले. तो तुटला. टाळ्या पडल्या.

"यांची औषधं बंद. उद्यापासून चालू लागतील, पोटभर जेवतील."

कवटीबाईंनी टोपी काढली, मग मफलर. सांगाडेराव सगळ्या दातांनी सभेकडे पाहून हसले.

सगळ्यांत आधी आत्याचा आवाज आला, "तरीच म्हटलं, मी शिवलेला कोट खांद्यात असा कसा पडला." मग पहिल्यांदा बेकरीवाला फिसकन हसला आणि त्याच्यामागून सगळं सिनेमागृह हसू लागलं.

बाबा सावरून म्हणाले, "निर्जीवातही काळ असतो. यांचाही भोग तुटला."

"मग उजव्या हाताचा का नाही तुटला?" मागून एका बसड्रायव्हरनं विचारलं.

बाबा अडखळले. "उजव्या हाताची श्रद्धा कमी पडली."

यावर जो हशा उठला त्यात बाबांचे पुढचे शब्द बुडाले. ते मागच्या दारानं केव्हा निघून गेले, ते कोणी पाहिलंही नाही.

कवटीबाईंनी तुटका पट्टा उंच धरला. "चामड्यात तेल असतं, त्यानं ते मऊ राहतं. पाणी आणि ऊन ते तेल काढून घेतात. मिठाचे कण धाग्यांत शिरून त्यांना कुरतडतात. वर रोज त्याच भोकात वाकवलं, की तिथेच चिरतं. बाबा एवढंच करायचे, की ज्याचा पुरता चिरलाय त्याला आधी बोलवायचे. उजवा पट्टाही बाबांकडचाच आहे. त्याला फक्त कोरडं ठेवलं. बघा, कसा वाकतो."

आत्यानं तो उजवा पट्टा हातात घेऊन वळवला, नखानं टोकरला. मग स्वतःच्या मनगटावरचा चिरलेला पट्टा पाहिला. तिचा चेहरा उतरला.

"कॉलर घामानं भिजली, कडक वाळली आणि रोज त्याच घडीवर मोडली, की तिथेच विरते. गिऱ्हाइकांना मी जन्मभर हेच सांगत आले," ती हळूच म्हणाली. "आणि माझ्याच मनगटावर मला दिसू नये?"

"दिसलं ना आता."

"सांगाड्याला दिसलं तुझ्या," आत्या म्हणाली आणि तिलाही हसू फुटलं. मंचावरचा बाबांचा पाण्याचा तांब्या तिनं उचलला आणि पाकिटातली एक गोळी तिथल्या तिथे गिळली. ते पाहून बेकरीवाला टोपलीत हात घालून आपली बाटली शोधू लागला. त्याच्यामागे रांग लागली.

हल्ली तो उजवा पट्टा आत्याच्या मनगटावर असतो. भांडी घासताना ती तो काढून ठेवते. सांगाडेरावांच्या मापाचा नवा कोटही तिनं शिवून दिला आहे. तेव्हा उद्या कोणी तुमच्यासमोर चमत्कार करून दाखवला, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा, की दुसऱ्या हातावर काय झालं? ज्याला तो दुसरा हात दाखवता येत नाही, त्याच्या टोपलीत आपलं औषध टाकू नका.