गुपचूप मिळवलेला एक

दुसऱ्याची चूक दिसली की मुकाट्याने निस्तरायची आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, हा कंपाउंडरताईंचा स्वभाव. भिडस्तपणाला काही औषध नसतं, दवाखान्यात असलं तरी.

डॉक्टर म्हणाले होते, "प्रोग्रामिंगचा कोर्स पास व्हा, कॉम्प्युटरचं टेबल तुमचं. नाहीतर सोमवारी नवीन माणूस येईल, मग तुमचं काम उरणार नाही." पंधरा वर्षांची नोकरी शेवटच्या एका गृहपाठावर येऊन ठेपली होती.

ऑनलाइन कोर्सचा नियम असा, की गृहपाठ जोडीनं करायचा आणि मार्क दोघांना सारखेच. ताईंचा जोडीदार होता एक निवृत्त बसड्रायव्हर. ओळख सगळी लेखी, "नमस्कार दादा", "बरं ताई" एवढीच. रांगेतल्या माणसांना नंबर देणारा प्रोग्राम दोघांनी एकाच फाइलीत लिहायचा होता. दादांनी नंबर काढायचे, ताईंनी छापायचे. तपासायला फक्त तीनदा पाठवता येत होतं.

ताईंनी चालवून पाहिलं, तर पहिल्या माणसाचा नंबर शून्य. दादांचं चुकलं वाटतं, बिचाऱ्यांना कशाला बोला, म्हणून त्यांनी आपल्या भागात गुपचूप एक मिळवला. त्याच वेळी तिकडे दादांनाही तेच शून्य दिसलं आणि वाटलं, ताईंचं चुकलं. त्यांनीही आपल्या भागात गुपचूप एक मिळवला. पाठवलं, तर पहिला नंबर दोन.

ताईंनी ओशाळून आपला एक काढून टाकला. त्याच वेळी दादांनीही आपला काढला. पुन्हा पाठवलं, पुन्हा शून्य. घ्या आता.

एकच संधी उरली आणि मुदत संध्याकाळी सहाची. शेवटी ताईंनी दादांचा फोन नंबर मागून घेतला आणि फोन लावला, तेव्हा सगळा घोळ उघडा पडला.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, ताई."

"वाटलं असतं तर वाटलं असतं, दादा. इथं माझी नोकरी चाललीय."

नोकरीचं हे ताईंनी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

दादा म्हणाले, "तुम्हीच करा. मी हात लावत नाही. फक्त सांगत सांगत करा, मला ते शून्य अजून कळलेलं नाही."

"मशीन शून्यापासून मोजतं, आपण एकापासून. म्हणून छापताना एक मिळवायचा. एकदाच." सांगता सांगता ताईंच्या लक्षात आलं, की हे आपल्याला खरंच येतंय.

"आत्ता डोक्यात शिरलं," दादा म्हणाले. "पाठवा."

पास. ताईंना एकदम रडूच फुटलं, फोन कानालाच होता.

"रडा निवांत," दादा म्हणाले. "मी आहे लाइनवर."