उजवा इंडिकेटर

"आता लाव," मेहमूद गाडीच्या मागून ओरडला.

संपतने दांडी ओढली. टिक, टिक, टिक. मागचा उजवा दिवा शहाण्यासारखा पेटायला-विझायला लागला.

"चालतोय की रं."

"तेच तर!" संपतने स्टेअरिंगवर हात आपटला. "हितं चालतोय. तुझ्याम्होरं चालतोय, मालकाम्होरं चालतोय. रस्त्याला लागलं की मरतोय. आन् खोटा मी पडतोय."

मेहमूदने दिव्याची काच काढली, बल्ब फिरवून पाहिला, कानस घेऊन अर्थिंगची पट्टी घासली. डिकी दोनदा आपटली. दिवा चालूच.

"मरतो तवा टिकटिक कशी येती? आत्ता हाय अशीच?"

"न्हाई. लई जोरात. घाईला आल्यागत."

"मग एक दिवा गेलेला असतो तवा. तारच तुटली असणार कुठंतरी. कवा जुळती, कवा सुटती." मेहमूदने मागच्या दारातून आत डोकं घातलं. "तार हितनं जाती, शीटच्या खालनं. शीट काढावी लागंल. दुपारपतुर गाडी सोड."

शिरूरच्या बसस्थानकामागे मारुतरावांचं गोडाऊन होतं आणि त्याच्या भिंतीला टेकून मेहमूदची पत्र्याची टपरी. गाडीही मारुतरावांचीच. वडिलांनी घेतलेली, गोल दिव्यांची, पांढरी. घरात नवी जीप आली होती, ती पोरगा फिरवायचा. मारुतराव मात्र कामाला जाताना याच गाडीत मागे बसत. कुरकुंभच्या कारखान्यांना ते कंत्राटी कामगार पुरवायचे आणि ही गाडी त्यांना लाभली होती, असं त्यांचं म्हणणं. ती चालवायचा संपत. कवठे येमाईचा. बाप मेंढरांमागे रानोमाळ हिंडला, भावांनी जमीन धरली, आणि संपत मिसरूड फुटायच्या आत स्टेअरिंगवर बसला. आता कानशिलं पांढरी झाली होती आणि गाडीला त्याच्या हातून साधा ओरखडा पडला नव्हता. अभिमान वाटावा असं त्याच्याजवळ तेवढंच होतं, आणि तो ते बोलून दाखवायचा.

मारुतराव गोडाऊनमधून बाहेर आले. कडक इस्त्री, खांद्यावर उपरणं.

"काय लावलंय रे सकाळ सकाळ?"

"मालक, उजवा इंडिकेटर धरत न्हाई. शीट काढून तार बघायची म्हणतोय मेहमूद."

"धरत न्हाई? तो काय चालतोय की!"

"रस्त्यावर बंद पडतोय."

"मी मागं बसलेला असतो ना? टिकटिक ऐकू येती मला. बहिरा न्हाई मी."

"मालक," मेहमूद म्हणाला, "टिकटिक जोरात आली म्हंजी एक दिवा मेलेला असतो. दुपारपतुर ठेवा गाडी. आज सोक्षमोक्ष लावतो."

"कुरकुंभला मॅनेजर बसलाय माझ्या नावानं खडे फोडत, आन् मी दुपारपतुर तुझ्या टपरीवर बसू? दोन महिनं झालं, ह्याचं एकच रडगाणं." मारुतराव मागच्या सीटवर बसले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. "हात दाखव. देवानं हात कशाला दिलाय? चल."

संपतने मेहमूदकडे पाहिलं. मेहमूदने काच बसवली, स्क्रू आवळले आणि तो बाजूला झाला. यापलीकडे दोघांच्या हातात काही नव्हतं.

न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून सोलापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत मारुतराव कामगारांच्या नावाने बोटं मोडत होते. पाळीला माणसं कमी पडतात, उत्तरेकडची पोरं सणाला गेली की परतत नाहीत. संपत हूं हूं करत होता. डोक्यात तिडीक गेली होती. वळणावर दांडी ओढली की टिकटिक घाईला यायची. म्हणजे मागचा दिवा मेला. 'ऐका मालक, ऐका,' त्याला ओरडावंसं वाटत होतं. तो ओरडला नाही. खिडकीतून हात बाहेर काढत राहिला.

कुरकुंभला कारखान्यांकडे उजवीकडे वळायचं होतं. समोरून ट्रक येत होता, त्याला जाऊ देण्यासाठी संपतने गाडी रस्त्याच्या मध्यावर हळू केली. उजवा हात खांद्यापासून ताठ बाहेर, पंजा उघडा. तसा हात आंधळ्यालाही दिसला असता. पण ट्रक गेला तोच मागून टँकर भरधाव आला आणि टँकरवाला, पुढच्या गाडीचा दिवा लागलेला नाही, म्हणजे ती सरळच जाणार, असं धरून उजवीकडून पुढे काढत होता. संपतला तो आरशात दिसला. क्षणभराचंच काम होतं. हात आत घ्यायचा, नाहीतर डाव्या हाताने स्टेअरिंग मारायचं. त्याने स्टेअरिंग मारलं. गाडी डावीकडे सरकली. टँकर गाडीला न शिवता नुसत्या हाताला घासून गेला आणि थांबला नाही.

मारुतरावांना खरचटलंसुद्धा नाही.

एक मात्र खरं, की त्यांनीच स्वतःचं उपरणं काढून संपतच्या दंडाला गच्च आवळलं. "संपत, डोळे मिटू नकोस रे, माझ्याकडं बघ," म्हणत ते रडत होते. दौंडच्या दवाखान्यात पट्टी झाली, तिथून पुण्याला हलवलं, तिथे कोपराच्या वर हात काढला. संपत शुद्धीवर आला तेव्हा त्याची बायको गिताबाई उशाशी होती. ती नुसती चादर नीट करत राहिली, उजवीकडची.

मारुतराव दवाखान्यात आले ते मोसंबी घेऊन. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग स्टूल पुढे ओढलं.

"मी जबाब दिलाय पोलिसात. तुझा बी घेतील. तू म्हणायचं, कोपर भाईर टाकून बसलो हुतो."

संपतला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली.

"कोपर?"

"गाडीत दोष निघाला तर माझ्यावर येतंय. पोराचं निवडणुकीचं तिकीट हाय औंदा. तुला का मी वाऱ्यावर सोडणार हाय? गोडाऊनवर वॉचमन म्हणून ठेवतो. जन्मभर."

"मालक, माझा हात हवा खायला भाईर हुता का?"

"हळू बोल."

"तुम्ही मागं बसला हुता! तुमच्या डोळ्याम्होरं मी हात दाखवला. तुम्हीच म्हणाला हुता, हात दाखव. आन् आता कोपर?" संपत उठून बसायला गेला. सवयीने उजव्या हातावर भार द्यायला गेला आणि तिरपा कोसळला. ती कळ डोक्यापर्यंत गेली. पण त्याला कळेपेक्षा मारुतरावांनी धरायला पुढे केलेल्या हाताचा संताप जास्त आला. "लावू नका हात. जावा भाईर."

"तापात हाय तो, वयनी," मारुतराव गिताबाईला म्हणाले.

गिताबाईने मोसंब्यांची पिशवी उचलली आणि दाराबाहेर नेऊन ठेवली. "तुमची पिशवी ऱ्हायली बघा," एवढंच म्हणाली.

संपत शिरूरला परतला तेव्हा कोपराची गोष्ट त्याच्याआधी घरोघर पोहोचली होती. दाढी करायला गेला तर न्हावीच म्हणाला, "मामा, ड्रायव्हर लोकांना लई खोड असती बघा, कोपर भाईर काढायची." अर्धी दाढी तशीच ठेवून संपत उठला. घरी येऊन त्याने पाण्याची घागर लाथाडली. भिंतीवर हात मारायला गेला आणि तिथेही डावाच मारावा लागला. हात गेला ते गेलं. पण इतकी वर्षं ज्याच्यावर मान वर करून हिंडला, ते ड्रायव्हरपणही मारुतरावांनी एका वाक्यात उतरवून घेतलं होतं.

त्यात पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. निरोप आणणाऱ्या शिपायाने जाता जाता सांगितलं, गाडी तपासून झाली, सगळे दिवे चालू आहेत.

"चालू कसे असतील?"

"मेहमूदनं केले म्हणत्यात," गिताबाई चुलीपासून म्हणाली. "मला परवाच कळलं. तुम्हाला सांगायचं धाडस झालं न्हाई."

संपत तसाच चपला न घालता निघाला.

मेहमूद एका ट्रॅक्टरचा डायनामो उघडून बसला होता. संपतला पाहून उभा राहिला आणि त्याची नजर शर्टाच्या लोंबणाऱ्या बाहीवर गेली.

"मी येणारच हुतो तुझ्याकडं. रोज निघतो, आन्..."

"तू दुरुस्त केलीस गाडी?"

"संपत, ऐकून तरी—"

"केलीस का न्हाई?"

"केली."

संपतने समोरचा अवजारांचा डबा लाथेने उडवला. पाने, पक्कड, स्क्रू रस्त्यापर्यंत पसरले. "माझा हात तिकडं टोपलीत पडला, आन् तू हितं त्यांचा पुरावा पुसत बसला? किती दिवसाची आपली बसउठ रं? तुला रक्त दिसलं न्हाई दारावर?"

"दार धुतलेलं हुतं." मेहमूदचा आवाज चिरकला. "दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांचा पोरगा घेऊन आला. म्हणाला, आज कितीबी वेळ लागू दे, सगळं नीट करा. मी इचारलं, संपत कुठाय? म्हणाला, रजेवर. मला वाटलं, चला, मालकांनी ऐकलं एकदाचं. म्हणलं, संपत आला की खूश हुईल. गाणं म्हणत केलं मी ते काम, संपत. गाणं म्हणत! दार ओलं हुतं, दिसलं मला. मला वाटलं, गाडी धुतली."

संपतने डाव्या हाताने टपरीचा खांब धरला.

"आन् काय निघालं म्हाईत हाय?" मेहमूद म्हणाला. "शीट काढली. तार वरनं साबूत, आतनं तुटलेली. बरोबर उजव्या अंगाला, शीटच्या स्प्रिंगखाली. मागं कुणी बसलं की स्प्रिंग दाबायची, तार सुटायची. उठलं की परत जुळायची. म्हणून तर हितं चालायचा. मालक उतरून बघायचे तवा चालायचा. ते बसले की बंद."

संपत हळूच टपरीच्या पायरीवर बसला. मग हसला, आणि ते हसणं ऐकून मेहमूद घाबरला.

"ते बसले की बंद," संपत म्हणाला. "दोन महिनं मला खोटा ठरवलं त्यांनी. त्याच्यावर बसून." त्याने मान वर केली. "किती वेळ लागला जोडायला?"

मेहमूद फडक्याला हात पुसायला लागला.

"किती वेळ?"

"शीट काढायलाच काय तो वेळ. तार जोडायला... चहा पिऊन हुईस्तवर."

संपत रस्त्यावर पसरलेल्या पान्यांकडे बघत राहिला. मग मेहमूद खाली वाकून एकेक अवजार गोळा करायला लागला आणि म्हणाला, "उद्या मी येतो ठाण्यात. तू सांगितलं न्हाईस तरी येतो."

ठाण्यात मारुतराव आधीच खुर्चीवर बसले होते, हवालदाराशी चहा पीत. मेहमूदला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हा कशाला?"

"जबाब द्यायला," मेहमूद म्हणाला. "साहेब, दिवे चालू हायेत ते मी केलेत. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी. त्याच्या आधी बंद हुते. अपघाताच्या सकाळी मी मालकांना ह्या तोंडानं सांगितलं हुतं, गाडी ठेवा म्हणून." आणि त्याने तार, स्प्रिंग, सगळं सांगितलं, कुठेही न अडखळता.

"मेहमूद," मारुतराव शांतपणे म्हणाले, "टपरी कुणाच्या जागेत हाय तुझी?"

"तुमच्या."

"मग?"

"मग काय? लिहा साहेब."

मारुतरावांनी कप खाली ठेवला. "बरं, तार तुटलेली हुती म्हणा. पण गाडी ड्रायव्हरच्या ताब्यात. दुरुस्त करून घ्यायची जबाबदारी कुणाची?"

संपत उठला. खुर्ची मागे पडली. "जबाबदारी? रोज सकाळी तुमच्या दारात उभं राहून सांगत हुतो, ती कुणाची? टँकर मला आरशात दिसला हुता, मालक. हात आत घेतला असता तर टँकर तुमच्या दारात घुसला असता. मी हात न्हाई घेतला. गाडी वळवली. कोपर भाईर टाकून हवा खाणारा माणूस असं करतो व्हय? बोला. साहेबांम्होरं बोला."

मारुतरावांनी टेबलाकडे पाहिलं, मग खिडकीकडे. पुढे त्या कोपराचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मेहमूदला मात्र पाडव्याच्या आत जागा सोडावी लागली, आणि त्याने दौंड रस्त्याला एका चिंचेखाली नवी टपरी टाकली. कोर्टात तारखा पडत राहिल्या. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी हवालदाराने संपतचा जबाब लिहून घेतला आणि वाचून दाखवला. 'उजवा हात बाहेर काढून वळण्याचा इशारा दिला,' या वाक्यापाशी संपतने ते पुन्हा वाचायला लावलं. हवालदाराने पुन्हा वाचलं, मग शाईचं पॅड पुढे सरकवलं.

"अंगठा दे."

"सही करतो."

"अरे, कशानं करणार?"

संपतने पॅड बाजूला सारलं आणि डाव्या हातात पेन धरलं. पेन बोटांत बसेना. कागद सरकायला लागला तेव्हा मेहमूदने पुढे होऊन त्याचं टोक दाबून धरलं. 'सं' काढताना कागद फाटता फाटता राहिला. अनुस्वार भलतीकडेच पडला.

"संपत, अंगठा दे की," मारुतराव खालच्या आवाजात म्हणाले. "उशीर होतोय."

"थांबा," संपत म्हणाला. मान वर न करता त्याने 'प' काढायला घेतला.