खिळा जरा खाली

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. खाऊचा नाही, एनिमाचा. हसलात ना? हसा. भिंगरीही पहिल्या दिवशी हसलीच होती.

मी स्टीलचा. बुडाशी तोटी, तोटीला रबरी नळी, नळीला चिमटा, एवढाच माझा संसार. कारखान्यात पत्रा ठोकून मला घडवलं. मग हॉस्पिटलच्या कपाटात दोन वर्षं धूळ खात पडलो. तिथून भिंगरीच्या घरी आलो.

भिंगरी नऊ वर्षांची. जन्मापासून तिच्या पाठीच्या कण्यात दोष. त्यामुळे शी लागलेली तिला कळायचीच नाही, आपोआप व्हायची. वर्गात तिच्या शेजारी कुणी बसायचं नाही. आई कपड्यांची पिशवी घेऊन रोज शाळेच्या फाटकाशी बसून असायची, आणि भिंगरीला तेच सगळ्यात जास्त खुपायचं.

"आई, तू घरी जा ना."

पण आई कशी जाणार?

औषधं झाली, खालून एनिमा देऊन झाले. शेवटी सर्जनबाईंनी ऑपरेशन सुचवलं. अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याला लटकलेली बोटाएवढी नळी. तिचं टोक पोटाच्या कातडीपर्यंत आणायचं, तिथे बारीकसं छिद्र ठेवायचं. रोज त्यातून पाणी सोडलं की आतडं धुऊन सगळी शी खालून एकदाच बाहेर पडते, मग दिवसभर आपोआप होत नाही.

बाईंनी तिला झोपवून पोटावर पेनाने खूण केली. नर्सताई म्हणाल्या, "बसवून बघू या?" बसवलं, तर खूण पोटाच्या घडीत गायब!

"मला दिसतच नाहीये," भिंगरी म्हणाली. "वापरणार मीच ना?"

"चुकलं मॅडम," म्हणत बाईंनी खूण वर सरकवली.

ऑपरेशन नीट झालं. जखम भरली. बाबा सुतार. त्यांनी संडासात माझ्यासाठी खिळा ठोकला, अगदी पक्का, आपल्या डोक्याच्या उंचीवर. भिंगरीने छिद्रात बारीक नळी घातली, मला जोडली, आईने चिमटा सोडला. आणि मी असा काही धो धो वाहिलो की पोरीच्या पोटात कळ आली.

"नको मला हे! बुजवा ते छिद्र!"

दोन दिवस मी कोपऱ्यात उपडा पडून होतो. आई पुन्हा पिशवी भरायला लागली. ऑपरेशन वाया गेलं म्हणून बाबा जेवेनात. तिसऱ्या दिवशी त्यांनी नर्सताईंना फोन लावला.

"डबा कुठे टांगलाय?"

"वर. माझ्या डोक्याइतका."

"अहो, वापरणार तुम्ही का ती? जितका वर, तितका पाण्याला जोर. ती बसली की तिच्या खांद्याच्या जरा वर ठेवा. पाणी कोमट घ्या. आणि सावकाश सोडा."

बाबांनी कानावरची पेन्सिल काढून लेकीच्या हातात दिली. तिने बसल्या बसल्या भिंतीवर रेघ मारली. बाबांनी तिथे खिळा ठोकला. आता तिचा हात माझ्यापर्यंत पोचत होता. तिने आईला बाहेर पाठवलं आणि कडी लावली.

"झालं का गं?" आईने तीनदा विचारलं.

"आई, तू दाराला कान लावून बसलीस तर होणारच नाही!"

पाऊण तासाने ती बाहेर आली. जादू नव्हती, मित्रांनो. पुढचे काही आठवडे अधूनमधून कपडे खराब झालेच. पाणी किती, वेळ किती, हे हळूहळू जमलं. मग एके सकाळी फाटकाशी तिने पिशवी आईच्या खांद्याला नीट अडकवली.

"ही घरी ने. आणि तूही जा."

आई गेली. शाळा सुटताना आली, बाकीच्या आयांसारखी.

आता माझा पत्रा काळवंडलाय. रोज मला धुवा, उपडा ठेवून वाळवा, म्हणजे मी अजून बरीच वर्षं टिकेन. पण एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी घरी येऊन भिंगरी म्हणाली, शेजारची जागा आजही रिकामीच होती.

ते मात्र ना सर्जनबाईंच्या हातात, ना माझ्या. ते तुमच्याच हातात आहे. उद्या वर्गात गेलात की जरा सरकून तिच्या शेजारी बसा.