डाबऱ्यांच्या घराची पट्टी

कराडचा कार्यक्रम संपल्यावर रेमंड डाबरे कीबोर्डचा ट्रान्सपोज शून्यावर आणायला विसरला, म्हणून सकाळपर्यंत त्याचं वसईतलं घर जमिनीपासून दोन हात वर गेलं.

ट्रान्सपोजचं बटण दाबलं की बोटं नेहमीच्याच जागी फिरतात, गाणं मात्र गायकाला हव्या त्या पट्टीत वाजतं. कराडच्या गाणाऱ्या बाईंना दोन सूर वर हवं होतं. सकाळी रेमंडने आकडा शून्यावर आणला. घर हललं नाही.

"नुसतं बटण दाबून काय होणार?" त्याची बायको फिलोमिना म्हणाली. "त्या पट्टीत कोणी गायला नको?"

पण खालच्या पट्टीत गाणारं कोणी भेटेना. बासरी, सनई, ॲकॉर्डियन, रेमंड सगळं कीबोर्डवरच वाजवायचा. तीस वर्षांत त्याने कोणाला नाही म्हटलं नव्हतं. प्रत्येक गायक आधीच्यापेक्षा वरची पट्टी मागायचा आणि घर आणखी हातभर चढायचं. आठ हातांनंतर शिडी पुरेना. तेव्हा तो घरूनच रेकॉर्डिंग पाठवू लागला. शिडी अपुरी पडली त्या दिवशी फिलोमिना आणि मुलगी सेरेना सेरेनाच्या लग्नाच्या खरेदीला गेल्या होत्या, त्या खालीच राहिल्या.

लग्नाच्या सकाळी घर अकरा हातांवर होतं. सेरेना पांढऱ्या झग्यात खाली उभी राहिली.

"डॅडी, तू नसशील तर मी चर्चमध्ये पाऊल ठेवणार नाही."

"मग गा. दर कडव्याला एक सूर खाली घे. मी कीबोर्डवर तुझा सूर धरतो."

"कुठवर?"

"मी सांगेन ना."

तिने डोळे मिटले आणि गायला लागली. दर कडव्याला रेमंड आकडा एकाने कमी करी आणि घर हातभर उतरे. शेजारचा पास्कोल मोठ्याने मोजत होता. "तीन! दोन! अरे, बुके सांभाळा!"

शून्यावर घर टेकलं. फिलोमिनाने उंबऱ्यावर हात ठेवला.

सेरेनाचे डोळे मिटलेलेच होते. तिने पुढचं कडवं आणखी एक सूर खाली घेतलं. रेमंडचं बोट बटणाकडे गेलं. उंबरा मातीखाली गेला.

"रेमंड, सांग तिला!" फिलोमिना ओरडली.

खिडकीच्या गजांपाशी गवत आलं. गाणाऱ्याला मध्येच थांबवायचं नसतं. पुढच्या कडव्यासाठी सेरेनाने श्वास घेतला, तेवढ्यात त्याने तिला आणखी खालचा सूर दिला.