आईचा दुसरा आवाज

तिला घरीदारी सगळे मैनाच म्हणत. खरं नाव कागदोपत्रीच उरलं होतं. आवाजच तसा होता. दुकानात साबण मागितला तरी पुढची दोन माणसं वळून बघायची. त्या आवाजावरच तिची नोकरी चालली होती. रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात ती फोन घ्यायची. पलीकडचा माणूस कितीही गांगरलेला असो, "नाव सांगा, पत्ता सांगा, मी फोन ठेवत नाहीये," एवढं तिनं म्हटलं की तो भानावर यायचा.

तिच्या मागे 'सातवं क्षितिज'चं लचांड लावून दिलं ते धाकट्या दिरानं. हे भाऊजी चाळिशीला टेकलेले, फर्निचरच्या दुकानात कामाला, आणि त्या मालिकेचे वेडे. ते शाळेत असताना ही अवकाशातल्या जहाजाची मालिका आली आणि एका अख्ख्या पिढीला खुळावून गेली. त्यातलं जहाज बाईच्या आवाजात बोलायचं. खलाशी झोपले की दिवे मंद करायचं, कुणी रडत असेल तर त्याच्याशी हळूच गप्पा मारायचं. चाहते त्या जहाजाला 'आई' म्हणत. आवाज देणारी नटी पुढे वारली, पण आईवरची भक्ती काही कमी झाली नाही.

आता इतक्या वर्षांनी त्या कथेच्या आधी काय घडलं होतं, त्याची नवी मालिका निघणार होती आणि आईसाठी आवाज शोधत होते. भाऊजींनी वहिनीचा आवाज गुपचूप रेकॉर्ड करून पाठवला. तो निवडला गेला! मैनेनं सुट्ट्या टाकून काम केलं आणि परत आपल्या फोनपाशी येऊन बसली.

पहिले दोन भाग आले तेव्हा चाहत्यांनी तिला डोक्यावर घेतलं. भाऊजींना तर आभाळ ठेंगणं झालं. मैना बाल्कनीत कपडे वाळत घालत असतानाचा एक फोटो त्यांनी चाहत्यांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'ही आपली नवी आई. माझी सख्खी वहिनी!' फोटोत इमारतीची पाटी दिसत होती, कोपऱ्यावरचं घड्याळजीचं दुकानही दिसत होतं.

मग तिसरा भाग आला. त्यात जहाज खोटं बोलतं. "वादळ टळलं आहे, शांत झोपा," असं खालच्या मजल्यावरच्या माणसांना सांगतं, आणि वरची माणसं वाचावीत म्हणून त्यांची दारं बाहेरून बंद करतं.

चाहते खवळले. आमची आई असं करणारच नाही, म्हणाले. लिहिणारे आणि दिग्दर्शक पहारेकऱ्यांच्या आड मोठ्या कचेरीत बसलेले. मैना मात्र दुसऱ्या मजल्यावर, साध्या कडीच्या दारामागे. लोकांनी राग तिच्यावर काढला.

सुरुवातीला नुसत्या शिव्या होत्या. नवरा म्हणाला, "चार दिवस ओरडतील नि गप्प बसतील. रिकामटेकडे आहेत." तो मोटार शिकवायचा, समोरून काहीही आलं तरी शांत राहायची त्याला सवय. पण एका सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर उंबऱ्यावर एक छोटा स्पीकर ठेवलेला. त्याची वायर मुळापासून उपटलेली होती. त्यानं तो पायानं बाजूला सारला आणि कितीतरी वेळ जिन्यातून खाली बघत राहिला. त्या दिवसापासून त्यानं रिकामटेकडे हा शब्द काढला नाही.

भाऊजींनी फोटो काढून टाकला, पण तोवर तो हजार हातांत गेला होता. "वहिनी, मला जोड्यानं मार," म्हणाले. मैनेनं मारलं नाही, चहा दिला. तेव्हापासून संध्याकाळी दुकान सुटलं की ते जिन्यात खुर्ची टाकून बसत. दिवसा मात्र जिना मोकळाच असे.

मग ती कुठे काम करते हेही कुणीतरी शोधून काढलं आणि कामावर फोन आला. तिनं नेहमीसारखं "नाव सांगा," म्हटलं. पलीकडे नुसता श्वास. मग एक पुरुष लाडीगोडीनं म्हणाला, "मिळालीस. एकदा म्हण ना, शांत झोपा." तिनं फोन ठेवला. तो पुन्हा वाजला. दुपारपर्यंत असे इतके फोन आले, की छातीत कळ आलेल्या एका म्हाताऱ्याला ताटकळावं लागलं. तो वाचला म्हणून बरं. पाळीच्या मुख्य बाईंनी तिला बाजूला घेतलं.

"तुझा दोष नाही गं. पण ही लाइन अडली तर कुणाचा तरी जीव जाईल. थोडे दिवस घरी बस."

मैना घरी बसली आणि तिनं बोलणंच टाकलं. ठरवून नाही. भाजीवालीपाशी तोंड उघडलं तेव्हा मागची दोन माणसं वळली, आणि तिनं वाक्य अर्धंच सोडलं. पूर्वीही वळायची, पण आता त्यांच्यातलंच कुणी त्या फोनवर असेल असं वाटायचं. ती बोटानं भाज्या दाखवू लागली. मग घरातही मानेनंच हो-नाही. नवऱ्यानं एकदा वैतागून म्हटलं, "अगं, भिंतींना कान असतात, पण ते आपल्याच भिंतींचे ना!" ती हसली, तेही आवाज न करता.

अशाच एका सकाळी नवरा कामावर गेल्यावर ती स्वयंपाकघरात काचेच्या बरण्या पुसत होती. दारावर टकटक झाली. ती जागच्या जागी थिजली.

"दार उघड, बाळ. घाबरू नकोस."

मैनेच्या हातातली बरणी निसटून फुटली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. काम सुरू करण्याआधी कितीतरी दिवस तिनं तोच कानात साठवला होता. जुन्या आईचा, मेलेल्या नटीचा आवाज! दाराबाहेर.

टेप लावली असणार, तिनं स्वतःला समजावलं. कुणीतरी मोबाइल धरून उभं असणार. पण तोच आवाज पुढे म्हणाला, "काहीतरी फुटलं वाटतं. पायात चप्पल घाल आधी." असं वाक्य मालिकेत कुठेच नव्हतं.

काचा चुकवत ती दाराशी गेली आणि दाराच्या भोकातून बघितलं. पिशवी घेतलेली, पांढऱ्या केसांची एक बाई धापा टाकत उभी होती. ओठ तिचेच हलत होते.

"मी तिची धाकटी बहीण," बाई म्हणाली. "आमचे आवाज सारखेच. फोनवर आमचे वडीलसुद्धा फसायचे."

मैनेनं नव्यानं बसवलेली साखळी न काढता दार किलकिलं केलं, बाईला न्याहाळलं आणि मग आत घेतलं. पाणी दिलं. बाईनं ते एका दमात संपवलं.

"तुझं घर शोधायला मला काहीच त्रास झाला नाही," ती म्हणाली. "घड्याळजीला विचारलं, त्यानं बोटानं दाखवलं. म्हणजे कुणालाही दाखवत असेल."

मैनेनं मान हलवली.

"बोलत नाहीस?"

मैनेनं खाली बघितलं.

बाईनं पिशवी बाजूला ठेवली. "तेच बघायला आले होते मी. माझ्या बहिणीचं हेच झालं. आज तिला आई-आई करतात, पण मालिका पहिल्यांदा आली तेव्हा लोकांनी काय केलं ते कुणाला आठवत नाही. यंत्राला बाईचा आवाज कशाला, म्हणून खिडकीवर दगड मारले. फोन करून घाण बोलायचे. ती घाबरली. आधी फोन घेईना, मग दारात येईना, मग बोलेना. पुढे लोक तिची पूजा करायला लागले, पण तोवर तिची बोलण्याची सवयच मोडली होती. शेवटची कित्येक वर्षं आमच्या घरात तिचा आवाज फक्त टीव्हीतून यायचा. ती शेजारी बसून मुकाट्यानं ऐकायची."

दगडांची, फोनची, अनोळखी माणसांची भीती एकीकडे, आणि ही दुसरी भीती एकीकडे. स्वतःच्याच घरात स्वतःचा आवाज टीव्हीतून ऐकत बसलेली बाई मैनेला लख्ख दिसली.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. पावलं दारापाशी थांबली, कुणीतरी फिदीफिदी हसलं आणि मोबाइलवर मैनेचाच आवाज मोठ्यानं सुरू झाला. 'वादळ टळलं आहे, शांत झोपा.' पुन्हा तेच. पुन्हा तेच. मग दारावर मूठ आपटली.

"बाहेर ये! म्हणून दाखव!"

बाई उठायला लागली. "मी बोलते त्यांच्याशी. माझा आवाज ऐकून चळाचळा कापतील."

कापलेही असते. पण मैनेनं तिचा खांदा धरून तिला खाली बसवलं. आपल्या जागी एक म्हातारी बाई दारात उभी राहणार, हे काही तिला सोसेना. तिनं साखळी तपासली आणि दार बोटभर उघडलं. फटीतून तीन तरुण दिसले. एकाच्या हातात मोबाइल, चित्रण चालू.

मैनेनं तोंड उघडलं. आधी नुसती हवा आली. मग फाटका, घोगरा आवाज निघाला. कामावर हजारदा म्हटलेलंच तेवढं जिभेवर आलं.

"नाव सांगा."

पुढचा तरुण गडबडला आणि त्यानं चक्क नाव सांगितलं.

"पत्ता सांगा."

"अं... का?"

"तुम्ही माझ्या दारावर मुठी मारताय. तुमच्या घरी कोण असतं? त्यांच्या दारावर असं कुणी आलं आणि भीतीनं छातीत कळ आली, तर ते कुणाला फोन करतील? मलाच करतील. मी ते फोन घेते." तिनं दार तसंच बोटभर धरून ठेवलं. "आता माझी लाइन अडवू नका."

मागचा एक जण पुटपुटला, "अरे, ही ती नाहीच वाटत. आवाज बघ ना कसा आहे." मोबाइल खाली गेला. कुणी माफी मागितली नाही. जाताना एकानं जिन्याच्या कठड्याला लाथ मारली. तो आवाज तळमजल्यापर्यंत घुमत गेला.

मैना दार लावून तिथंच फरशीवर बसली. बाईनं काचा झाडून काढल्या.

दुपारी मैनेनं मुख्य बाईंना फोन लावला. "मी उद्यापासून येते," म्हणाली. "माझं टेबल तुमच्या शेजारी घ्या. तसले फोन आले तर लगेच तुमच्याकडे देईन." मुख्य बाई "ये," म्हणाल्या.

मग ती बाईला बसपर्यंत सोडायला निघाली. घड्याळजीच्या दुकानाशी थांबून तिनं त्याला स्पष्ट सांगितलं, की यापुढे आमचं घर कुणाला दाखवायचं नाही. तो ओशाळला. थांब्यावर गर्दी होती. "मावशी, तुमची बस कुठली?" तिनं आता मोकळ्या झालेल्या आवाजात विचारलं, आणि बाकावरच्या दोन मुली एकदम वळल्या. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. मैनेनं बाईचा दंड घट्ट धरला, घसा खाकरला आणि तोच प्रश्न पुन्हा, जरा मोठ्यानं विचारला.