राजेसाहेबांची बांधून ठेवलेली ट्रंक

मित्रांनो, आयर्लंडमधल्या मलिंगार गावातल्या एका घरात खिडकीखाली बसलेली मी एक जुनी कातडी ट्रंक. माझा जन्म जर्मनीतल्या एका चिमुकल्या संस्थानात झाला. तिथले राजे आल्ब्रेख्त यांच्यासाठी कारागिरांनी मला मोठ्या हौसेनं शिवलं. पण पहिलं महायुद्ध हरल्यावर लोकांनी राजेशाहीच मोडीत काढली. राजेसाहेबांनी राज्याभिषेकाचा फरचा झगा माझ्यात भरला आणि राणी ओटिलींसह आयर्लंड गाठलं.

तळ्याकाठी भाड्याचं घर मिळालं. मला मात्र कोणी उघडेना. पुढच्या वसंतात परतायचंय, असं राजेसाहेब दरवर्षी सांगत. माझ्या कातड्याला स्वतः तेल लावत, पट्टे आवळत आणि फाटकापर्यंत येरझाऱ्या घालत. निघायचंच आहे म्हणून भिंतीवर तसबीर लावू देत नसत, अंगणात झाडही नाही. बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली, फ्रीडा. तिला शाळेतही घातलं नाही. त्यांची घालमेल माझ्याही अंगात भिनली. दाराशी गाडी वाजली की वाटे, निघालो!

एका हिवाळ्यात फ्रीडाला न्यूमोनिया झाला. घर गारठलेलं, पांघरुणं अपुरी. राणीसाहेब सुरी घेऊन आल्या आणि त्यांनी माझे पट्टे कापले. राजेसाहेब दारात उभे होते.

"तो झगा राज्याचा आहे," ते म्हणाले.

"राज्य गेलं. पोर अजून आहे."

मग राजेसाहेबांनीच पुढे होऊन झगा काढला आणि लेकीभोवती गुंडाळला. पोर वाचली, वसंतात गावच्या शाळेत जाऊ लागली. राजेसाहेबांच्या येरझाऱ्या मात्र अखेरपर्यंत थांबल्या नाहीत.

फ्रीडाआजींनी आता नव्वदी ओलांडली आहे. लेकीकडे राहायला जाताना त्यांनी मला शेजारच्या डॉक्टर मेधाला दिलं. मेधा आणि तिचा नवरा ज्ञानेश नागपूरचे. थोडे दिवस राहून परत जाऊ, असं ठरवून आलेले. कितीतरी खोकी अजून बांधलेलीच आहेत. परवा त्यांच्या लेकीनं, छोट्या तन्वीनं, तिच्या आयरिश ढंगाच्या इंग्रजीत विचारलं, आपण इथे राहणार की जाणार?

"ठाऊक नाही गं," मेधा म्हणाली. "पण असू तोवर नीट राहू." आणि तिनं एका खोक्याची दोरी सोडली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेलपाणी जरूर करा, आम्हाला ते हवं असतं. पण घरात कुणी कुडकुडत असेल, तर आधी आम्हाला उघडा.